आफ्रिकेची लेकुरवाळी कुर्ली

माझी मुलगी मला वहिनी म्हणायची.

लोकांना त्यात गंमत वाटायची. तेव्हा अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला शनिवारी कुणा ना कुणाच्या घरी पंधरा-वीस मराठी माणसं जेवायला जमायची. पाच वर्षांची ती चिमुरडी भर बैठकीत "वहिनी, मला पाणी दे" म्हणाली की हशा पिकायचा. एक नागपूरच्या काकू तर मुद्दाम विचारायच्या, "ही कोण गं तुझी?" आणि ती शांतपणे सांगायची, "वहिनी." मीही सगळ्यांबरोबर हसायचे. घरी आल्यावर मात्र भांडी आपटायचे.

तिचा त्यात काय दोष? ती दीड वर्षाची असताना नवऱ्याची नोकरी गेली. ऐंशीनंतरच्या त्या मंदीत डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या धंद्यात कुणाची नोकरी कधी जाईल, सांगता यायचं नाही. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी नेते हिला चिपळूणला. सहा महिन्यांत तुमचं बस्तान बसेल." सहा महिन्यांची साडेतीन वर्षं झाली. दर वेळी काहीतरी आड यायचं. आणि खरं सांगायचं तर पुढेपुढे मलाच भीती वाटायला लागली होती, की आता आणली तर ती मला ओळखणारच नाही. भ्यायचं आणि वर कारणं सांगायची, असला तो प्रकार.

चिपळूणच्या घरात सासूबाईंना सगळे आई म्हणायचे, म्हणून तीही आई म्हणायला लागली. माझा फोन आला की धाकटा दीर ओरडायचा, "वहिनीचा फोन!" म्हणून मी वहिनी. नवऱ्याला तो दादा म्हणतो, म्हणून हा दादा. आपल्याकडे एकत्र घरात हे असं चालतंच. माझी स्वतःची मावसबहीण तिच्या आईला जन्मभर काकी म्हणाली. पण ती आईच्या कुशीत झोपून काकी म्हणायची. माझी लेक पलंगाच्या पार कडेला, भिंतीकडे तोंड करून झोपायची.

"दादा म्हणते तर म्हणू दे की. काय बिघडतंय?" नवरा म्हणायचा.

"तुझं काही बिघडत नाही. तुझं कधीच काही बिघडत नाही," मी म्हणायचे आणि मग दोन दिवस अबोला.

तिला आणण्याआधी वर्षभर मी एक काम धरलं होतं. रत्नागिरीच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं होतं, झूलॉजी घेऊन. त्याचा अमेरिकेत कुणाला काही उपयोग असेल असं वाटलं नव्हतं. पण अर्ध्या तासावरच्या युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये आठवड्यातून तीन दुपारी बाई हवी होती. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या प्राण्यांच्या बरण्या तपासायच्या, उडून गेलेलं स्पिरिट परत भरायचं, विटलेल्या चिठ्ठ्या नव्यानं लिहायच्या. चिठ्ठ्या लिहायच्या काळ्या शाईला ते इंडिया इंक म्हणायचे. त्या तळघरात इंडियाची अशी आम्ही दोघीच, ती शाई आणि मी.

तळघरातली शेवटची खोली एका रिटायर झालेल्या प्रोफेसरांची होती. सत्तरी ओलांडलेले, उंच, खांद्यात वाकलेले, कोटाला कायम पाइपच्या तंबाखूचा वास. उभं आयुष्य त्यांनी एकाच गोष्टीत घालवलं होतं: आफ्रिकेतले गोड्या पाण्यातले खेकडे. दोन भिंती भरून बरण्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे नद्यांत किती प्रकारचे खेकडे आहेत?"

मी म्हटलं, "दोन. खायचे आणि लहान म्हणून सोडून द्यायचे."

ते इतके हसले की पाइप विझला. मग त्यांनी मला एकेक बरणी काढून दाखवली. मला वाटलं होतं, खेकडा तो खेकडा. पण कुठे काय राहतं, बघा. डोंगरातल्या धबधब्याखाली राहणारा भाकरीसारखा चपटा, दगडाखाली सरपटायला सोपा. दलदलीत बीळ करून राहणारा पाठीला फुगीर, टोपलीसारखा. एक जंगलातला, झाडावर चढून ढोलीत साचलेल्या पाण्यात राहतो. त्याचे पाय लांब नि बारीक, जसा काही कोळीच. एका मोठ्या तळ्यातले तर इवलेसे, गोगलगायीच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहणारे. एका जातीच्या अंगाला चिकटून एका माशीच्या अळ्या वाढतात आणि ती माशी चावून चावून माणसांना आंधळं करणारा रोग पसरवते. दोन शेजारच्या डोंगरांवरचे खेकडे दिसायला जुळे भाऊ, पण जाती वेगळ्या. मधलं मैदान कोरडं. ते ओलांडून जायची कुणाची टाप नाही, म्हणून ज्याची त्याची वंशावळ ज्याच्या त्याच्या डोंगरावर.

"मग जात ओळखायची कशी?" मी विचारलं.

प्रोफेसर कानापर्यंत लाल झाले. खेकड्याच्या पोटाखाली एक दुमडलेली पट्टी असते. नराच्या त्या पट्टीखाली दोन बारीक काड्या असतात आणि त्यांच्या आकारावरून जात ठरवतात. त्या काड्या कशासाठी, हे साडी नेसलेल्या परक्या बाईला सांगताना त्यांची जी काय तारांबळ उडाली! मी म्हटलं, सर, मी बी.एस्सी. आहे आणि माझं लग्न झालंय.

त्याच दिवशी त्यांनी मादीचंही सांगितलं. समुद्रातली खेकडी अंडी फुटली की पिल्लं पाण्यावर सोडून मोकळी होते. ती पिल्लं खेकड्यासारखी दिसतही नाहीत. तरंगत तरंगत त्यांची ती मोठी होतात. गोड्या पाण्यातली तसं करत नाही. ओढ्यात सोडली तर वाहूनच जायची. तिच्या अंड्यातून पुरती पायांनिशी पिल्लं निघतात आणि कितीतरी दिवस आईच्या पोटाखालच्या त्या पट्टीत धरून बसतात. आई जाईल तिकडे सगळं लटांबर.

हे मला नवीन नव्हतं. आमच्या व्हाळात, म्हणजे घरामागच्या ओढ्यात, अशी खेकडी, आमची कुर्ली, सापडायची. माझी आई तिला लेकुरवाळी म्हणायची आणि परत पाण्यात सोडायला लावायची. "लेकुरवाळीला हात लावू नये," एवढंच म्हणायची. पण माझी लेक तेव्हा चिपळूणला होती आणि मी त्या तळघरात उभी राहून हे ऐकत होते. मला त्या मेलेल्या खेकड्यांचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू?

पुढच्या ऑगस्टमध्ये लेक आली आणि सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला जायला लागली. शाळा अर्ध्या दिवसाची. दुपारी तिला सांभाळायला कुणी नाही. मी प्रोफेसरांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "बरण्या फोडत नाही ना? मग आणा." त्यांनी तिच्यासाठी एक उंच स्टूल आणून ठेवलं. ती त्यावर बसून खेकड्यांची चित्रं काढायची. प्रोफेसरांशी चारच महिन्यांत इंग्लिश बोलायला लागली. त्यांच्या पीनट बटरच्या सँडविचमधला अर्धा वाटा तिचा. माझ्याशी मात्र कामापुरतं. भूक लागली. शू लागली. स्वेटर टोचतो. मी जवळ घ्यायला गेले की ती अंग चोरायची. हट्टानं नाही, पाहुण्या मावशीनं जवळ घेतल्यावर मुलं चोरतात तसं. हट्ट केला असता तर मी रागावले तरी असते.

फेब्रुवारीतली गोष्ट. बाहेर गुडघाभर बर्फ. प्रोफेसर वर लायब्ररीत गेले होते. वरच्या फळीवरच्या एका जुन्या बरणीतलं स्पिरिट निम्म्यावर आलं होतं. मी ती उतरवली आणि आतला खेकडा ट्रेमध्ये काढून ठेवला. चिठ्ठी आधी वाचायची, मग बरणी उघडायची, असा तिथला नियम. पण चिठ्ठी पिवळी पडलेली, अक्षर मुंगीएवढं. म्हटलं, वाचू नंतर. मी खेकडा हातात घेतला तशी लेक स्टुलावरून वाकून बघायला लागली.

"वहिनी, अशी नाही धरायची," ती म्हणाली. "आई उलटी धरते."

आपणहून, कामाशिवाय, माझ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. मी मोहरून जायला हवं होतं. पण मला ऐकू आलं ते फक्त 'आई'.

"माहितीये मला," मी म्हटलं.

"नाही माहिती तुला. आई अशी उलटी धरते, मग अंगठा असा घालते आणि..."

"मला येतं गं!" मी खेकसले. "तुझ्या आईच्या आधीपासून येतं!"

आणि माझ्या हातांनी ते करून दाखवलं. कुर्ली साफ करताना आपण काय करतो? उलटी करायची, पट्टीखाली अंगठ्याचं नख सारायचं आणि एका झटक्यात पट्टी मोडून काढायची. टक्. लहानपणापासून शेकडो वेळा केलेलं. जित्याची खोड! हात मेले माझं ऐकायला थांबलेच नाहीत. पट्टी माझ्या चिमटीत आली आणि ट्रेमध्ये तांदळाच्या कणीसारखं काहीतरी सांडलं. मी वाकून पाहिलं. कणी नव्हती. इवले इवले खेकडे होते, एकेकाला आठ पाय नि दोन नांग्या.

लेकुरवाळी होती ती.

मी आता चिठ्ठी वाचली. डोंगराचं नाव, ओढ्याचं नाव, मादी, पिल्लांसह. आणि खाली, प्रोफेसरांच्या चाळिशीतल्या अक्षरात: एवढी एकच मिळाली. हा ओढा मला माहीत होता. त्यांनीच सांगितलं होतं, की काही वर्षांनी ते परत तिथे गेले तेव्हा जंगल तोडून चहाचे मळे लावले होते, आणि ओढ्यात गुडघाभर गाळाशिवाय काही नव्हतं.

मग मी जे केलं ते सांगायची आजही लाज वाटते. मी सगळं, खेकडी, पट्टी, पिल्लं, बरणीत कोंबलं, स्पिरिट ओतलं, झाकण लावलं आणि बरणी फळीवर पार मागे सारून ठेवली. लेक एकटक बघत होती. "कुणाला सांगू नकोस हं," मी तिला म्हटलं. पाच वर्षांच्या पोरीला!

ते शुक्रवारी घडलं. शनिवार-रविवार माझं जेवणात लक्ष नव्हतं. नवऱ्यानं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "थंडी." लेकही गप्पच होती, पण ती नेहमीच गप्प असायची, म्हणून मला काही वाटलं नाही.

सोमवारी आम्ही दोघी खोलीत शिरलो तर बरणी प्रोफेसरांच्या टेबलावर. दिव्याखाली, मधोमध. शेजारी ते उभे होते.

"ही कुणी उघडली?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

उत्तर द्यायला एका क्षणाचाच उशीर झाला मला, जास्त नाही. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "आय डिड इट."

लेक एक पाऊल पुढे आली होती. जाड कोट अंगात तसाच, टोपीखाली नाक लाल. दोन्ही हात पाठीमागे. "आय डिड इट. नॉट हर."

प्रोफेसरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाही, सर," मी म्हटलं. कुठून आवाज आला कोण जाणे. "मी केलं. चिठ्ठी न वाचता उघडली, आणि आमच्या घरी करतात तशी पट्टी मोडली. आणि लपवून ठेवली. तिचा काही संबंध नाही."

"तीस वर्षं," ते म्हणाले, "तीस वर्षं मी ती पट्टी उचलूनसुद्धा बघितली नाही. पिल्लं निसटतील म्हणून." एवढं बोलून ते पाइप घेऊन बाहेर गेले.

मी कोट काढला नाही. म्हटलं, आता जायचंच आहे. लेक माझ्याकडे बघत नव्हती. बरणीकडे बघत होती.

बऱ्याच वेळानं ते परत आले. त्यांचे डोळे लाल होते. थंडीनं की कशानं, मी विचारलं नाही. त्यांनी खणातून करंगळीएवढी एक काचेची कुपी काढली, कापसाचा बोळा काढला, बारीक ब्रश काढला आणि स्टूल ओढलं. "इकडे ये," ते लेकीला म्हणाले. "तुझी बोटं लहान आहेत. एकेक पिल्लू ब्रशनं उचलून या कुपीत घालायचं. मोडायचं नाही. जमेल?"

ती चढून बसली. जीभ दातांत धरून एकेक पिल्लू उचलायला लागली. प्रोफेसर इंग्लिशमध्ये मोजत होते. काही वेळानं तिनं विचारलं, "ही कुपी कुठे ठेवणार? दुसऱ्या फळीवर?"

"नाही," ते म्हणाले. "बरणीतच. आईजवळ. हा आमचा नियम आहे. काहीही तुटलं, पाय तुटला, नांगी तुटली, तरी ते त्याच बरणीत राहतं. दुसऱ्या बरणीत कधी जात नाही. गेलं की मग कुणाचं कोण, ते कुणालाच सांगता येत नाही."

त्यांनी पट्टीही त्याच कुपीत घातली, कापसाचा बोळा लावला आणि कुपी खेकडीच्या शेजारी अलगद सोडली. मग मला म्हणाले, "नवी चिठ्ठी लिहा. पट्टी कशी तुटली ते लिहा. आणि खाली सही करा." मी इंडिया इंकनं लिहिलं. खाली सही केली. त्यांनी मला काढून टाकलं नाही. पण पुढे महिनाभर माझ्याशी बेताचंच बोलले, आणि ते माझं मला पोचलं.

संध्याकाळी घरी निघालो. मी ड्राइव्ह करत होते, ती मागच्या सीटवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग.

"तू कशाला गं म्हणालीस मी केलं म्हणून?" मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यांनी तुला परत पाठवलं असतं म्हणून."

"परत? कुठे?"

"चूक केली की परत पाठवतात ना." तिला यात काही विशेष वाटत नव्हतं. "मला पाठवलं तर चालेल. माझी तिकडे आई आहे. तुला पाठवलं तर तू कुणाकडे जाशील?"

मी तशीच थोडं पुढे गेले. मग मला रस्ता दिसेना म्हणून एका पेट्रोलपंपाच्या आवारात गाडी थांबवली.

"वहिनी," मागून आवाज आला, "मी लहान असताना काय केलं होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला पाठवलंत तेव्हा. काय फोडलं होतं मी?"

देवा! साडेतीन वर्षं आणि वर सहा महिने ती हे मनात घेऊन बसली होती. म्हणून ती काही मागायची नाही. म्हणून कपातलं दूध सांडलं की पांढरीफटक पडायची. आणि मी खुळी समजत होते, की हिला माझी माया नाही. ती आमच्या घरात पाहुण्यासारखी वागत होती, कारण पाहुण्याला परत पाठवत नाहीत, तो आपला आपण जातो.

मी मागचं दार उघडून तिच्या शेजारी जाऊन बसले. "तू काहीसुद्धा केलं नव्हतंस," मी म्हटलं. "काहीसुद्धा नाही, सोन्या. चूक आमची होती. माझी. मी तुला पाठवायला नको होतं. आणि आणायला इतका उशीर करायला नको होता. मी घाबरले होते गं."

"बरणी लपवलीस तशी?"

"हो. तशीच."

ती म्हणाली, "मग सॉरी म्हण."

"सॉरी," मी म्हटलं, आणि मला हुंदका आवरेना. मग तिनं माझ्या कोटाचं वरचं बटण काढलं, मग खालचं, आणि आतून थंडगार नाक माझ्या पोटाशी खुपसून बसली. कोटाची दुसरी बाजू मी तिच्यावर ओढून घेतली. पंपावरचा माणूस येऊन काच ठोकून विचारून गेला, सगळं ठीक आहे ना? मी मान हलवली. आम्हाला घरी पोचायला फार उशीर झाला, नवरा काळजीनं अर्धा झाला होता, आणि त्या दिवशी मी त्याच्यावर अजिबात चिडले नाही.

त्या रात्रीपासून ती मला आई म्हणायला लागली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती वहिनीच म्हणत राहिली. सवय ती सवय. पण पलंगाची कड तिनं सोडली, आणि झोपेत लाथा मारायची त्या मलाच मारायची.

मार्चमध्ये शाळेत पालकांना बोलावलं होतं. भिंतीवर मुलांची चित्रं लावली होती. आमच्या बाईसाहेबांनी भलामोठा खेकडा काढला होता, पोटाखाली ठिपकेच ठिपके. मी बघत उभी असताना तिची टीचर हात पुढे करत आली, तोंडभर हसत.

"यू मस्ट बी वहिनी!" ती म्हणाली. तिनं उच्चाराची पार वाट लावली होती.

मी कसनुशी हसले. म्हटलं, आता हिलाही समजावा, एकत्र कुटुंब म्हणजे काय, धाकटा दीर म्हणजे काय. मी म्हणायला गेले, "ॲक्च्युअली, वहिनी म्हणजे..."

"मला माहितीये," टीचर म्हणाली. "वर्गात एका मुलानं तिला विचारलं होतं, वहिनी म्हणजे काय. तिनं सांगितलं आम्हाला. तुमच्या भाषेत आईला म्हणतात ना?"

माझी लेक पलीकडे टेबलाशी उभी राहून क्रेयॉन गोळा करत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी टीचरला म्हटलं. "आईलाच म्हणतात."